तोरणमाळावरून अमेरिकेला

शहाद्याहून अमेरिकेतल्या डेन्व्हरला सरळ उडत जायचं ठरवलं, तर तोंड कुठं करायचं? गावात कुणालाही विचारा, हात सुरतेच्या दिशेनं जाईल. अमेरिका पश्चिमेला, सुरत पश्चिमेला, जवळचा विमानतळही तिकडंच. सगळं कसं जुळतं! पण खरं उत्तर आहे उत्तर दिशा. म्हसावदचा रस्ता धरायचा, सातपुडा चढायचा, तोरणमाळच्या यशवंत तलावावरून जायचं आणि पुढं कुठंही न वळता नाकासमोर जात राहायचं. जगाच्या माथ्यावरून, थेट उत्तर ध्रुवावरून पलीकडं उतरलं की डेन्व्हर येतं. सगळ्या वाटेत पश्चिमेकडं झुकायचं ते अर्धा अंश, तेवढंसुद्धा नाही!

हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. बाजार समितीत सांगितलं, लग्नात सांगितलं, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं. आता लिहून सांगतोय. ज्या गावात विमानतळ नाही, रेल्वेसुद्धा नाही, गाडी धरायची तर नंदुरबार किंवा दोंडाईचा गाठावं लागतं, त्या गावातून जगातल्या कोणत्याही शहराचं विमानी अंतर एका दोऱ्यानं मोजता येतं, आणि ते मोजताना पृथ्वीचा खरा आकार हाताला लागतो, ही गोष्ट स्वतःपाशी ठेवण्यासारखी नाहीच.

सुरुवात भाचीमुळं झाली. ती डेन्व्हरला शिकायला गेली. मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथं विमान बदलून डेन्व्हर. पोचल्यावर तिनं खिडकीतून काढलेला एक फोटो पाठवला. खाली पांढरंशुभ्र, मधून काळे सुळके, कडेला निळं पाणी. "मामा, हे ग्रीनलँड!" मी भिंतीवरच्या नकाशापुढं जाऊन उभा राहिलो. फ्रँकफर्ट ५० अंश उत्तरेला, डेन्व्हर ४० अंशांच्या आत. पट्टी ठेवली तर रेघ अटलांटिकच्या मधून जाते, ग्रीनलँड कितीतरी वर राहतं. इंधन एवढं महाग, आणि विमान असा वळसा घालून का जाईल? विमान वळसा घालत नव्हतंच. वाकडा होता तो भिंतीवरचा नकाशा.

पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलाची साल कागदावर पसरायची तर कुठंतरी ताणावी लागते. जहाजं हाकणाऱ्यांना दिशा अचूक मिळावी म्हणून मर्केटरनं १५६९ साली नकाशा बनवला, त्यात हा ताण ध्रुवांकडं वाढत जातो. म्हणून त्यावर ग्रीनलँड आपल्या देशाच्या कितीतरी पट दिसतं. प्रत्यक्षात ते भारताच्या दोन-तृतीयांश आहे: त्याचं क्षेत्रफळ सुमारे २२ लाख चौरस किलोमीटर, आपलं जवळपास ३३ लाख. आफ्रिका खंड तर ग्रीनलँडच्या चौदा पट. अशा नकाशावर पट्टी ठेवून अंतर कसं कळणार?

मग पृथ्वीगोल आणला. शाळेत असतो तसला, ३० सेंटिमीटर व्यासाचा. त्याचा घेर ९४ सेंटिमीटर आणि पृथ्वीचा ४०,००० किलोमीटर, म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर खऱ्या जगात सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. एवढा हिशोब ठेवला की बाकी सगळं दोऱ्याचं काम.

दोऱ्याचं एक टोक शहाद्यावर दाबून धरलं. (गोलावर शहादा छापलेलं नसतंच. तापी शोधायची, तिच्या उत्तरेला पेनानं ठिपका द्यायचा.) आपलं गाव साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर. त्याच अक्षांशावरून दोरा पश्चिमेकडं नेत नेत गोलाच्या बरोब्बर पलीकडच्या बाजूला आणला: अरबस्तान, सहारा, अटलांटिक, क्यूबाच्या कडेनं मेक्सिको. लांबी भरली ४४ सेंटिमीटरच्या आसपास. आणि मग मी दोन्ही टोकं तशीच धरून दोरा ताणला!

दोरा अक्षांशावर राहीना. तो सुटला, वर सरकू लागला, युरोपवरून, मग बर्फावरून घसरत घसरत गेला आणि उत्तर ध्रुवावर जाऊन घट्ट बसला. दोन्ही टोकं माझ्या बोटांखाली जिथल्या तिथं, आणि मधे बोटाएवढा दोरा ढिला, शिल्लक! आता लांबी ३६ सेंटिमीटर. आठ सेंटिमीटर वाचले. खऱ्या जगात ते सुमारे ३,४०० किलोमीटर होतात. आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर लांब आहे, म्हणजे अख्ख्या भारताहून जास्त वाट नुसता दोरा ताणल्यानं कमी झाली. आधी समोरच्या भिंतीएवढी सरळ दिसणारी पूर्व-पश्चिम वाट हीच खरी वाकडी होती.

सहावीच्या भूगोलात बृहत् वृत्त शिकवतात. गोलाचे बरोबर दोन भाग करणारं वर्तुळ. विषुववृत्त हे बृहत् वृत्त, आणि कोणतंही रेखावृत्त व त्याच्या पाठीमागचं रेखावृत्त जोडलं की तेही बृहत् वृत्त. गोलावर कोणतीही दोन गावं घ्या, त्यांच्यामधली सगळ्यात जवळची वाट त्यांच्यातून जाणाऱ्या बृहत् वृत्तावरच असते. परीक्षेत दोन मार्कांना विचारतात आणि आपण पाठ करून लिहितो. पण दोरा बोटाखालून सरकताना जे समजतं ते पाठांतरानं नाही समजत. मुलांच्या हातात दोरा द्या हो! दोन मिनिटांचं काम आहे.

आता दोरा पलीकडं जिथं टेकला होता, ते ठिकाण. शहाद्याचं रेखांश ७४ अंश २८ मिनिटं पूर्व. १८० मधून वजा केलं की १०५ अंश ३२ मिनिटं पश्चिम. ही आपल्या पाठीमागची रेषा. तिच्यावर आपल्याच अक्षांशावर काय आहे म्हणून पाहिलं, आणि मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, नायारित राज्यात, सान ब्लास नावाचं गाव निघालं. रेखांशात पाव अंशाचा फरक, म्हणजे पंचवीस-एक किलोमीटर. अक्षांशात एखाद-दुसऱ्या मिनिटाचा. मी आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. शहादा आणि सान ब्लास! सूर्याच्या हिशोबानं आपल्या भरदुपारी तिथं बरोबर मध्यरात्र. दोन्हीकडं दिवस-रात्रीची लांबी वर्षभर सारखीच कमी-जास्त होते, आणि सूर्य दोन्ही गावांच्या डोक्यावर त्याच सुमारास येतो, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याला.

सान ब्लास हे १७६८ सालापासूनचं स्पॅनिश आरमाराचं बंदर. कॅलिफोर्नियाकडं जाणारी जहाजं इथून सुटत. पण मला जास्त भुरळ घातली ती तिथल्या शेतीनं. पाऊस जून ते ऑक्टोबर. पिकं: केळी, ऊस, आंबा. अहो, ही तर आपली पिकं! आणि पुढचं ऐका. आपल्या तालुक्यात पावसाळा संपला की बांधाबांधावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पपई दिसते, ट्रक भरभरून उत्तरेकडं जाते. नंदुरबारला मिरचीच्या पथारींनी जमीन लाल होते. पपईचं मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. मिरचीचंही मेक्सिकोच. युरोपीय जहाजांतून महासागर ओलांडून ती इकडं आली आणि इथं अशी रुजली की आपल्याला ती परकी वाटतच नाहीत. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूचं पीक आपल्या उन्हाला ओळखतं, त्याचं कारण त्या रेषेवर दिसतं. ऊन तेच आहे.

शहादा ते सान ब्लास, ध्रुवावरून: सुमारे सव्वापंधरा हजार किलोमीटर. सध्या जगातलं सगळ्यात लांब नियमित उड्डाण सिंगापूर ते न्यूयॉर्क, तेही तेवढंच आहे, १५,३०० च्या घरात. म्हणजे एवढ्या पल्ल्याची विमानं आज रोज उडतात. आपल्याकडं फक्त धावपट्टी नाही!

आणि ती वाट कुठून कुठून जाते ते तर बघा. तोरणमाळ संपलं की खाली नर्मदा. मग बांसवाडा. मग भिलवाडा आणि अजमेर किंचित उजव्या हाताला. लाहोर किंचित डावीकडं, सियालकोट जवळजवळ रेषेवरच. मग बारामुल्ला, आणि नंतर नंगा पर्वत, ८,१२६ मीटर, रेषेपासून दहा-बारा किलोमीटरवर. पामीर ओलांडलं की किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक, तीही अशीच दहा-बारा किलोमीटरवर. मग कझाकस्तानातलं बाल्खाश सरोवर, सायबेरियाची सपाटी, ओब नदीची प्रचंड खाडी, कारा समुद्र, आणि पुढं गोठलेला आर्क्टिक. ध्रुव. आतापर्यंत सगळा प्रवास उत्तरेकडं झाला, आणि इथून एक पाऊल टाकलं, जराही वळलं नाही, तरी आता आपण दक्षिणेकडं निघालेलो असतो! ध्रुवावर उत्तर संपते. मी हे वाक्य स्वतःशी कितीदा म्हणालो असेन.

पलीकडं उतरताना कॅनडाची बर्फाळ बेटं, तिथलं केंब्रिज बे हे छोटं गाव, मग गव्हाच्या प्रांतातलं प्रिन्स अल्बर्ट, आणि त्याच प्रांतात मूस जॉ. या मूस जॉचं रेखांश आहे १०५ अंश ३२ मिनिटं पश्चिम. तेच, मिनिटाला मिनिट! मग अमेरिकेत जिलेट, लॅरमी, आणि डेन्व्हर डाव्या हाताला पन्नास किलोमीटरच्या आत. माझी भाची आमच्या पाठीमागच्या रेषेवर राहते हे तिला फोनवर सांगितलं, तर ती क्षणभर गप्पच झाली आणि मग म्हणाली, "मामा, मग तुम्ही बरोबर माझ्या उत्तरेला आहात." बरोबर आहे. ती आमच्या उत्तरेला, आम्ही तिच्या उत्तरेला.

अंतर काढायला दोरासुद्धा लागत नाही. फ्रेंचांनी मीटर ठरवला तोच मुळी विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. त्यामुळं ९० अंशांचे १०,००० किलोमीटर, एका अंशाचे १११. शहादा ते ध्रुव साडेअडुसष्ट अंश, म्हणजे ७,६०० किलोमीटर. ध्रुव ते डेन्व्हर सव्वापन्नास अंश, ५,६०० च्या जरा कमी. झाले १३,२००. चहा निवायच्या आत अमेरिकेचं विमानी अंतर तयार! पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे म्हणून काही किलोमीटर इकडं-तिकडं होतात, तेवढंच. गावं एकाच रेषेवर नसतील तर ज्या-कोज्या वापराव्या लागतात, तो हिशोब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. मी मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को काढलं: १३,५०० किलोमीटर. आणि मुंबईहून निघताना दिशा? उत्तरेपासून १४ अंश पूर्वेला. सॅन फ्रान्सिस्को मुंबईच्या पूर्वेकडून जवळ आहे!

भाचीच्या वाटेचाही हिशोब केला. मुंबई-फ्रँकफर्ट ६,५७० आणि फ्रँकफर्ट-डेन्व्हर ८,०९०, मिळून १४,६६०. मुंबईहून सरळ गेली असती तर साडेतेरा हजारांच्या आत. म्हणजे फ्रँकफर्टला थांबण्याची किंमत बाराशे किलोमीटर, फार नाही.

हे सगळं साहेबांनी शिकवलं असं समजू नका. आपल्या खानदेशातच, चाळीसगावजवळ पाटणला, १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याची ती नोंद. यादव राजा सिंघणाच्या काळातली. विचार करा, आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या डोंगराखाली मुलं 'सिद्धान्तशिरोमणी' शिकत होती! भास्कराचार्यांनी तो ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी लिहिला. त्याच्या गोलाध्यायात पृथ्वी सपाट का दिसते याचं कारण आहे: माणूस फार लहान आणि परीघ फार मोठा, परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासणार. आणि त्यात मुख्य रेषा आहे लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी वर वर जात मेरूपर्यंत. मेरू कुठं? उत्तर ध्रुवावर. लंकेच्या बरोबर पलीकडं पृथ्वीच्या पाठीवर सिद्धपुर नावाची नगरी कल्पिलेली. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा सिद्धपुरात मावळतो, हे स्पष्ट सांगितलंय. उज्जैनची ती रेषा आमच्या रेषेपासून अवघी सव्वा-दीड अंश पूर्वेला आहे. पाठीमागच्या रेषेचा विचार करायला शिकवणारा ग्रंथ आमच्याच मुलखात शिकवला जात होता, आणि मला तो कळला ग्रीनलँडच्या फोटोमुळं!

ध्रुवावरच्या वाटेनं विमान खरोखर उडालं आहे, हेही सांगायलाच हवं. ९ जानेवारी २०२१ ला एअर इंडियाचं बोइंग ७७७ सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि उत्तर ध्रुवावरून ११ तारखेला पहाटे बंगळूरला उतरलं. कॉकपिटमध्ये चौघी बायका: कॅप्टन झोया अग्रवाल, तन्मई पापागारी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. सरळ अंतर १३,९९३ किलोमीटर, वाट प्रत्यक्षात सुमारे १६,००० ची, वेळ सतरा तासांच्या वर. पुढं डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को थेट विमानही सुरू झालं.

मग सरळ अंतर आणि उडलेली वाट यांत फरक का पडतो? वारा हे पहिलं कारण. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याचे जोरकस पट्टे वाहतात, वैमानिक ते पाठीशी घेतात किंवा चुकवतात, म्हणून तेच अंतर जाताना आणि येताना वेगळा वेळ खातं. डोंगर हे दुसरं. विमानातला हवेचा दाब गेला तर झपाट्यानं तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, आणि काराकोरमवर खाली यायला जागाच नसते, डोंगरच दुप्पट-अडीचपट उंच. ध्रुव हे तिसरं. तिकडं थंडी एवढी की इंधनाची काळजी. आपलं नेहमीचं विमानाचं इंधन उणे ४७ अंशांना गोठायला लागतं, त्यामुळं टाकीतलं तापमान सतत बघत राहावं लागतं. होकायंत्र तिथं कामाचं नाही. आणि बिघाड झालाच तर उतरायला विमानतळ हवा. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं विमान इंजिनातल्या अडचणीमुळं रशियाच्या पूर्व टोकाला मगादानला उतरवावं लागलं होतं.

आणि चौथं कारण माणसांचं. आमची ही सुंदर सरळ रेषा लाहोरजवळून जाते. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, आणि दिल्लीहून अमेरिकेकडं जाणाऱ्या विमानांना वळसे घेत, मधे थांबत जावं लागलं. गोलावर दोरा ताणला तर तो कुठंच अडत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पृथ्वीनं इतकी जवळची वाट ठेवली असताना ती बंद राहावी, हे बरं नाही.

एक शेवटचं, मग थांबतो. शहाद्यापासून सगळ्यात लांब काय? अंतराला कमाल मर्यादा आहे, २०,००० किलोमीटर. त्याहून दूर पृथ्वीवर कुणीच कुणापासून नाही! शहाद्याच्या तळपायाखालचं, गोलातून आरपार पलीकडचं ठिकाण दक्षिण पॅसिफिकमध्ये भरसमुद्रात येतं, आणि तिथून सातशे-साडेसातशे किलोमीटरवर ईस्टर बेट, दगडी पुतळ्यांचं. आमच्यासाठी जगाचं टोक ते.

आता तुम्ही करा. आपल्या गावाचं रेखांश फोनवर बघा, १८० मधून वजा करा, आणि त्या पश्चिम रेखांशावर काय काय आहे ते शोधा. नागपूरकरांना बिस्मार्क सापडेल. छत्रपती संभाजीनगरच्या लोकांना कॅनडातलं रेजायना आणि मेक्सिकोतलं दुरांगो, दोन्ही. कोल्हापूरच्या वाट्याला प्रिन्स अल्बर्ट आहे. मुलांना सोबत घेऊन बसा, पृथ्वीगोल नसेल तर शाळेतून एका दिवसासाठी मागून आणा, आणि दोरा त्यांनाच ताणू द्या.